थापटण्याचा आवाज आणि माशिकोचा कुंभार

वाचक माउली, तेरला तुम्ही जाऊन आला असाल. नसाल गेला तर एकदा जा. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचे मंदिर आहे, त्यांचे राहते घर म्हणून दाखवतात ती वास्तू आहे, आणि गावातच एक सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. बरेचसे वारकरी मंदिरातून परततात, संग्रहालयाकडे वळत नाहीत. मीही कितीतरी वर्षे वळलो नाही. तिथे सातवाहनांच्या काळातली मडकी, खापरे, मातीच्या बाहुल्या मांडून ठेवल्या आहेत. तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात त्याचे नाव येते. परंपरा गोरोबाकाकांची समाधी शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ सांगते. म्हणजे काका त्या गावात चाक फिरवू लागले तेव्हाच तिथली माती हजार-बाराशे वर्षे कुंभारांच्या हाताखालून गेलेली होती.

गोरोबांचे चरित्र मी कीर्तनात किती वेळा सांगितले याची मोजदाद नाही. चिखल तुडवण्याचा प्रसंग आला की मृदंगवाला आपसूक सावध व्हायचा, टाळकऱ्यांचे डोळे पाणावायचे, मंडपात बायाबापड्या पदर तोंडाला लावायच्या. तुम्हांला ती कथा पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. मी सांगायचो ती एका ठरलेल्या हिशेबाने. चिखल म्हणजे प्रपंच, नाम म्हणजे परमार्थ. पाय चिखलात अडकलेले, मन पंढरीला गेलेले. माती ही अडचण, विठ्ठल ही सुटका. चाळीस वर्षे हा हिशेब कोणी तपासला नाही, मीही नाही.

तपासला तो माझ्या नातीने. ती पुण्यात मातीकाम शिकते. गेल्या उन्हाळ्यात गावी आली होती, माझ्या जुन्या कीर्तनाची ध्वनिफीत ऐकत बसली आणि म्हणाली, "आबा, गोरोबा तल्लीन झाले म्हणून त्यांना मातीचे भान राहिले नाही, असं तुम्ही म्हणता. पण माती तुडवता तुडवताच ते तल्लीन झाले असतील तर?" मी म्हटले, बाळे, फरक काय पडतो? ती म्हणाली, फार पडतो. मग त्या सुट्टीत तिने मला एका जपानी कुंभाराचे चरित्र रोज थोडे थोडे वाचून दाखवले. माझे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. त्या कुंभाराविषयी आज तुम्हांला सांगायचे आहे.

आधी एक खुलासा. आजकाल शहरांत 'स्टुडिओ पॉटरी' म्हणून जे चालते ते आपल्या गावच्या कुंभारवाड्यापेक्षा थोडे निराळे आहे. गावचा कुंभार गावाला लागेल ते घडवतो: माठ, रांजण, पणत्या, संक्रांतीची सुगडे, लग्नाची बोळकी. त्याचे आजोबा जे घडवत तेच तो घडवतो. कारखान्यात एक जण माती कालवतो, दुसरा साच्यात ओततो, तिसरा रंगवतो, आणि भांड्याशी कोणाचेच नाते राहत नाही. स्टुडिओतला कुंभार म्हणजे आपल्या मनाने हा मार्ग धरलेला माणूस. माती, आकार, झिलई, भट्टी या सगळ्यांचा विचार त्याच्या एकट्याच्या डोक्यात असतो. ही चाल जगात रूढ झाली ती साधारण शंभर वर्षांपूर्वी, आणि ती रूढ करणाऱ्यांत हामादा शोजी हे नाव फार वरचे आहे.

हामादांचा जन्म ९ डिसेंबर १८९४ चा. जपानी लोक आडनाव आधी लावतात, म्हणून हामादा हे आडनाव. मुलाला चित्रकार व्हायचे होते. पण विद्यार्थिदशेत त्याच्या वाचनात फ्रेंच चित्रकार रन्वार यांचे एक मत आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्यांतले निम्मे लोक कारागिरीकडे वळले तर चित्रकलेचेही भले होईल आणि कारागिरीचेही, अशा अर्थाचे. हामादांनी आपल्यापुरता निर्णय केला. फसलेल्या चित्राचे काही करता येत नाही, फसलेल्या भांड्यात निदान काही ठेवता तरी येते, असे ते पुढे सांगत. वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी ते टोकियोच्या तंत्रशाळेत मातीकाम शिकायला गेले. तिथे त्यांना कावाई कानजिरो हा जन्माचा मित्र भेटला. १९१६ साली शिक्षण संपल्यावर हामादाही कावाईंपाठोपाठ क्योतोच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे दोघांनी झिलईचे दहा हजारांवर प्रयोग केले असे सांगतात. भांड्यावर काचेसारखा जो चकचकीत थर बसतो ती झिलई. आपल्या लोणच्याच्या बरणीवर असते ती.

१९२० साली हे तरुण हामादा बर्नार्ड लीच नावाच्या इंग्रज मित्राबरोबर इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आईव्ह्ज या कोळ्यांच्या गावी गेले. जपानी पद्धतीची चढाची भट्टी पाश्चात्त्य मुलखात पहिल्यांदा बांधली गेली ती तिथे. माती शोधायची, जळण शोधायचे, भट्टी लावायची आणि निम्मा माल वाकडातिकडा निघाला की पुन्हा सुरुवात करायची. ती पहिली भट्टी चांगली झालीच नव्हती. दोन वर्षांनी जपानहून दुसरा जाणकार येऊन त्याने ती नव्याने बांधली.

त्या मुक्कामात हामादा एकदा डिचलिंग या खेड्यात गेले. तिथे एथेल मॅरेट नावाच्या विणकर बाई राहत. त्या हाताने सूत रंगवत, हाताने विणत आणि गावठी मातीच्या ताटल्यांत पाहुण्यांना जेवू घालत. ते घर हामादांच्या मनात घर करून राहिले. शिकलेसवरलेले माणूस खेड्यात राहून, हाताने काम करून, साधे खाऊन समाधानाने जगू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोचा मोठा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले, पण टोकियो किंवा क्योतोत राहिले नाहीत. टोकियोच्या उत्तरेला माशिको नावाच्या खेड्यात जाऊन राहिले.

माशिको म्हणजे तिकडचा कुंभारवाडाच समजा. १८५३ पासून तिथे स्वयंपाकघरातली भांडी होत होती. पाण्याचे रांजण, वाटणाच्या खरबरीत कुंड्या, चहाच्या किटल्या, सगळा माल टोकियोच्या बाजारात जाई. माती जाडीभरडी. उंची भांडी करणाऱ्यांनी नाक मुरडावे अशी. हामादांनी तीच माती धरली. झिलईही जवळचीच. गावाजवळच्या एका दगडाची पूड केली की तांबूस तपकिरी झिलई मिळते. तिला काकी म्हणतात. काकी हे आपल्या टेंभुर्णीच्या जातीतले एक नारिंगी फळ आहे, त्याच्या रंगावरून हे नाव. भाताच्या तुसाच्या राखेची दुधाळ पांढरी झिलई. दहा हजार प्रयोग केलेल्या माणसाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झिलया घेऊन उरलेला जन्म काढला. मला हे वाचताना आमच्या गुरुजींची आठवण झाली. काशीला राहून न्याय-व्याकरण शिकून आले होते, आणि म्हातारपणी त्यांच्या उशाशी फक्त हरिपाठ असे.

आता चाकाचे ऐका, म्हणजे तुम्हांला तो माणूस आपला वाटेल. त्या काळात पायाने फिरवायचे चाक होते, पुढे विजेचेही आले. हामादा मात्र शेवटपर्यंत हाताचे चाक वापरत. मांडी घालून बसायचे, चाकाच्या कडेला असलेल्या भोकात काठी घालायची, चाक गरगर फिरवायचे, काठी बाजूला ठेवायची आणि वेग आहे तोवर भांडे उचलायचे. आपल्या कुंभाराचे चाक असेच काठीने फिरते. मोठा गोळा मध्यावर ठेवून त्याच्या डोक्यावरून एकेक वाटी घडवून दोऱ्याने कापून घ्यायची, हीही आपल्या पणत्यांचीच रीत. असे चाक हळूहळू मंदावत जाते. भांड्यात किंचित डुलणे राहते. हामादांना ते डुलणे हवे होते.

माशिकोत एक बाई होती, मिनागावा मासु. जन्म १८७४ चा. लिहितावाचता येत नव्हते. लहानपणापासून किटल्यांवर डोंगर, झाड, झोपडी असे ठरावीक देखावे रंगवायची. दिवसाला शेकड्यांनी किटल्या. एकेका किटलीला काही क्षण. तेच डोंगर, तेच झाड. हामादा शाळेत असताना त्यांच्या शिक्षकांच्या घरी त्यांनी असली एक माशिकोची किटली पाहिली होती आणि ती मनात राहिली होती. पुढे ते आणि त्यांचे मित्र यानागी सोएत्सु या बाईंना मोठ्या चित्रकारांच्या पंक्तीला बसवू लागले. लोकांना नवल वाटले. त्यांचे म्हणणे असे की, इतक्या वेळा काढल्यावर ती बाई चित्र काढतच नाही. चित्र तिच्या हातातून उतरते. चांगले काढू, वाईट निघेल, लोक काय म्हणतील, हे सगळे गळून गेलेले असते.

माउली, इथे मी नातीला थांबवले. पुस्तक मिटायला सांगितले. जप करणारा माणूस हे दुसऱ्या कोणाकडून ऐकेल असे मला वाटले नव्हते.

हामादांनी स्वतःही तेच केले. ते दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर जाऊन राहत, तिथल्या कुंभारांत काम करत. तिथे उसाचे फड आहेत. वाऱ्यात वाकलेला ऊस त्यांनी कुंचल्याने काढला. एक दांडा, तीन-चार पाने. कुंचलाही घरच्या कुत्र्याच्या केसांचा, स्वतः बांधलेला. हा एवढा ऊस ते पुढे दशकानुदशके भांड्यांवर काढत राहिले. नवे नक्षीकाम सुचत नव्हते म्हणून नव्हे. म्हातारपणी मोठ्या थाळीवर पळीने झिलई अशी भिरकावत की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नक्षी उमटलेली. कोणीतरी विचारले, एवढ्या थाळीला फक्त पंधरा सेकंद? ते म्हणाले, पंधरा सेकंद आणि साठ वर्षे. ही गोष्ट कुंभारांच्या जगात आपल्याकडच्या दृष्टांतासारखी सांगितली जाते.

आता भट्टी. यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

भट्टीचे थोडे शास्त्र माहीत असले पाहिजे. वाळलेले कच्चे मडके आणि भाजलेले मडके लांबून सारखेच दिसू शकते. कच्चे मडके पाण्यात ठेवले तर विरघळून पुन्हा चिखल होते. भट्टीत साधारण सहाशे अंशांच्या पुढे मातीच्या अंगात मुरलेले पाणी कायमचे निघून जाते, मग ती माती पुन्हा माती होत नाही. आपली गावठी मडकी हजार अंशांच्या आत भाजतात, म्हणून ती थोडी पाझरतात आणि पाणी गार ठेवतात. हामादांची भांडी तेराशे अंशांच्या आसपास भाजली जात. कच्चे-पक्के ओळखायचे ते वाजवून. कच्चे बद्द वाजते, पक्के खणखणते. गोरोबांच्या घरी मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवले आणि काकांनी संतांची डोकी वाजवून पाहिली ती कथा या ज्ञानावर उभी आहे. कथेत बसलेले सगळे कुंभाराचे ओटे जवळून पाहिलेले होते. माझ्यासारख्या कीर्तनकाराला मात्र थापटणे भांडे घडवताना वापरतात की वाजवून पाहायला, हेही नीट माहीत नव्हते. ते मूळचे घडवण्याचेच हत्यार. आत दगडी पिंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत मडक्याचे पोट वाढवायचे. घडवणारे हत्यारच पारख करते.

हामादांनी माशिकोत चढावर एकापुढे एक आठ दालने असलेली मोठी भट्टी बांधली. खालच्या दालनात पेटवले की ज्वाळा वरवर चढत जातात. सरपण सुकलेल्या लाकडाचे. दोन-तीन दिवस रात्रंदिवस जळण घालायचे. इतक्या मोठ्या भट्टीत हजारो भांडी मावतात आणि कोठल्या दालनात आग काय करील हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. कोणी विचारले, तुमच्यासारख्या जाणत्याला लहान, ताब्यात राहणारी भट्टी नको का? यानागींनी लिहून ठेवलेले त्यांचे उत्तर मी माझ्या शब्दांत सांगतो. लहान भट्टी असती तर ती पूर्ण माझ्या ताब्यात राहिली असती. पण माझा 'मी' तो केवढा? मोठ्या भट्टीपुढे माझी शक्ती अगदी क्षीण होते, ती भट्टीला पुरी पडत नाही. मग माझ्यापलीकडची शक्ती लागते, तिची कृपा लागते. मला मोठी भट्टी हवी होती ती याचसाठी. स्वतःच्या बळापेक्षा कृपेने काम करणारा कुंभार व्हावे अशी माझी इच्छा आहे.

वाचक माउली, मी हे दोनदा वाचवून घेतले. नातीला म्हटले, हे भाषांतर करणाराने आपल्याकडून घातलेले नाही ना? नव्हते.

हे शब्द कुठून आले ते समजून घ्यायला यानागींकडे वळले पाहिजे. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) कुंभार नव्हते, विद्वान होते. १९२५-२६ च्या सुमारास त्यांनी, हामादांनी आणि कावाईंनी मिळून 'मिंगेई' हा शब्द घडवला. लोकांच्या हातची, रोजच्या वापराची कारागिरी. १९३६ साली टोकियोत त्यांनी अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. यानागी बौद्ध शुद्धभूमी परंपरेचे अभ्यासक. त्या परंपरेचे साधन एकच, बुद्धाचे नाम. 'नामु अमिदा बुत्सु.' यातला 'नामु' म्हणजे आपला 'नमः', 'अमिदा' म्हणजे अमिताभ. शब्द इथलेच, समुद्रापार जाऊन उच्चार बदललेले. स्वतःच्या बळावर तरणे आणि दुसऱ्याच्या बळावर, म्हणजे अमिताभाच्या कृपेने तरणे, असे दोन मार्ग ते लोक मानतात. ध्यान, व्रते, शास्त्र ज्याला झेपत नाही त्याने नाम घ्यावे.

यानागींनी त्या परंपरेतल्या होनेन, शिनरान आणि इप्पेन या आचार्यांवर ग्रंथ लिहिला. यांतले इप्पेन आपल्याला मुद्दाम माहीत असावेत. जन्म १२३९, मृत्यू १२८९. १२७४ च्या सुमारास घर सोडले आणि मरेपर्यंत देशभर पायी हिंडले. नामाच्या छोट्या चिठ्ठ्या छापून भेटेल त्याला देत गेले, श्रद्धा आहे की नाही हे विचारले नाही. बरोबर माणसे नाम घेत नाचत. मरणाआधी आपल्याजवळचे ग्रंथ त्यांनी जाळून टाकले, शेवटी नामच उरते म्हणून. आता सन पाहा. इप्पेन गेले १२८९ मध्ये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची. तिकडे एक जण पायी हिंडत, नाचत नाम वाटत होता, आणि इकडे चंद्रभागेच्या वाळवंटात आपला मेळा जमत होता. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. त्यांचे तत्त्वज्ञान त्यांचे, आपले आपले. पण पाय मात्र एकाच तालावर पडत होते.

तर यानागींनी सांगितले ते असे. अडाणी कुंभार दिवसाला शंभर वाट्या घडवतो, तीच वाटी, तोच हात. हे त्याचे नाम घेणेच आहे, त्याला माहीत नसले तरी. घडवता घडवता 'मी घडवतो' हे सुटते आणि वाटीत जे येते ते त्याच्या एकट्याच्या बळाचे नसते. हे वाचल्यावर मला माझ्या चाळीस वर्षांच्या हिशेबाची लाज वाटली. गोरोबा चिखल तुडवत होते. एक पाय, दुसरा पाय, एक पाय, दुसरा पाय. वारीत चालताना आपण काय करतो? पावली खेळताना काय करतो? नाम आणि पाय यांची सांगड काकांच्या घरात रोजच्या कामातच बसलेली होती. मी तिथे भिंत उभी करून एकीकडे चिखल आणि दुसरीकडे विठ्ठल ठेवला होता. सावताबांनी मळा सोडला नाही, नरहरीबाबांनी सोनारकाम सोडले नाही, सेनामहाराजांनी धोपटी सोडली नाही, हे मीच कीर्तनात सांगायचो. आणि गोरोबांशी आलो की मातीला प्रपंच म्हणायचो.

मात्र त्या लेकराचे काय? नातीचा प्रश्न तिथे संपत नाही आणि माझाही नाही. तल्लीनता कामातून आली असेल तरी पायाखाली पोर आले हे कथेत आहेच. काकांनी पुढे हात तोडून घेतले, मग पंढरीला कीर्तनात हात परत आले, लेकरू परत आले. मी आता ही कथा सांगताना त्या ठिकाणी गप्प राहीन. काकूच्या रडण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि चाळीस वर्षे मी ते उत्तर असल्यासारखे बोलत आलो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती थोडी अवघड आहे. माशिकोत गेल्यावर हामादांनी भांड्यावर आपले नाव घालणे सोडले. कारागिराने नावाने ओळखले जाऊ नये, भांड्याने ओळखले जावे. नातीने हे वाचले तेव्हा मी मान डोलावली. पण ती हुशार आहे, पुढचेही वाचले. जपानात मोलाचे भांडे लाकडी पेटीत घालून देतात आणि त्या पेटीवर हामादा सही करत. १९५५ साली सरकारने त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून मान दिला, भांड्यांच्या किमती चढल्या, आणि सही असलेली पेटी नसेल तर गिऱ्हाईक भांडे खरे की खोटे विचारू लागले. ज्या मिनागावा मासुंच्या तोडीचे व्हायचे म्हणून हे सगळे आरंभले त्यांच्या किटलीला कसली पेटी? हामादा निनावी कारागीर नव्हते. शिकलेले, जगभर हिंडलेले, नामांकित होते. निनावी व्हायची ओढ होती, तिथवर पोचणे त्यांच्याही हातात नव्हते.

आपल्याकडे अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते. कीर्तनात आम्ही तिचा अर्थ सांगतो की ती सही नव्हे, साक्ष आहे. सांगणे सोपे आहे. सप्ताहाच्या फलकावर माझे नाव बारीक अक्षरात आले म्हणून मी एका गावी कीर्तनाला उभे राहायला अर्धा तास लावला होता. वय पन्नाशीच्या पुढे, माळ गळ्यात, आणि मी देवळाच्या ओवरीत पायावर पाय टाकून बसलेला. विणेकरी ताटकळत उभा. त्या दिवशी निरूपणाला गोरोबांच्या परीक्षेचाच प्रसंग घेतला होता. नामदेवरायांच्या डोक्यावर थापटणे पडले तेव्हा मंडप हसला, मीही हसवला. काका समोर असते तर त्यांना थापटणे उचलायचीही गरज पडली नसती.

नातीने मला एक बोलून दाखवले ते तेव्हापासून मनात आहे. कच्चे मडके वाया जात नाही, ती म्हणाली. फोडायचे, पाण्यात घालायचे, मळायचे, पुन्हा चाकावर. भाजलेले फुटले की खापर. नामदेवराय कच्चे ठरले म्हणूनच विसोबा खेचरांकडे गेले आणि पुन्हा मळले गेले. आम्ही कीर्तनात कच्चा हा शब्द शिवीसारखा वापरत आलो. कुंभाराला तो शब्द तसा ऐकू येत नाही.

हामादांचे वर्तुळ आपल्या देशापर्यंतही पोचले होते. गुरुचरण सिंग नावाचा एक तरुण १९१९ साली मातीकाम शिकायला जपानला गेला. तिथे त्याची यानागी, लीच, कावाई, हामादा या मंडळींशी ओळख झाली. परत येऊन १९५२ साली त्याने दिल्लीत 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली. आज शहरांत जी मुलेमुली चाकावर बसतात त्यांतल्या अनेकांची परंपरा फिरून फिरून तिथे पोचते. नात हे सांगत होती तेव्हा मला हसू आले. तेरपासून पुण्याला माती यायला टोकियोवरून यावे लागले.

हामादा आयुष्याचा हिशेब एका वाक्यात सांगत. क्योतोत मार्ग सापडला, इंग्लंडात सुरुवात झाली, ओकिनावात शिकलो, माशिकोत वाढलो. १९७७ साली त्यांनी माशिकोत आपल्या जागेतच एक संग्रहालय उघडले. त्यात जगभरातून आणलेली भांडी, कापडे, खुर्च्या, लाकूडसामान. सगळे दुसऱ्यांच्या हातचे, बहुतेक निनावी कारागिरांचे. निवड कशी केली? जी वस्तू पाहून आपण हरलो असे वाटले ती घेतली. आपल्याला हरवणाऱ्या वस्तूंचे घर बांधून, पुढच्या कुंभारांना पाहता याव्यात म्हणून ते खुले करून, ५ जानेवारी १९७८ ला ते गेले.

२०११ च्या मोठ्या भूकंपात ती आठ दालनांची भट्टी खचली. पुढे ती दुरुस्त केली. २०१५ साली माशिकोतल्या आणि आसपासच्या कुंभारांनी आपापली भांडी आणून तिच्यात रचली आणि कित्येक वर्षांनी ती पुन्हा पेटवली. रात्रीची पाळी लावून जळण घालत राहिले. कोणाचे भांडे कोणत्या दालनात कसे निघेल, हे भट्टी उघडेपर्यंत त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते.